उदारमतवादी माणूस युद्धाचे समर्थन करू शकतो का?

दादरचा वाचक (प्रश्न)

दादरच्या आमच्या वाचनगटात गेले दोन रविवार चर्चा एकाच मुद्द्यापाशी अडली आहे. गटातील एका निवृत्त शिक्षिकांचे म्हणणे असे की, जो स्वतःला उदारमतवादी म्हणवतो त्याने सशस्त्र संघर्षाची, मग तो क्रांतिकारकांचा असो वा राष्ट्रांचा, बाजू घेता कामा नये. उच्च न्यायालयात वकिली करणारे आमचे दुसरे सभासद याच्या नेमके उलट सांगतात. व्यक्तीचे स्वातंत्र्य हे ज्या विचाराचे पहिले मूल्य आहे, त्या विचाराला ते स्वातंत्र्य राखण्यासाठी शस्त्र उचलण्याचा हक्क नाकारता येणारच नाही, असे त्यांचे मत आहे.

मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच शंका येते की दोघे एकच शब्द वापरून दोन निराळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. मराठीत आपण गोपाळ कृष्ण गोखल्यांना उदारमतवादी म्हणतो, १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाला उदारीकरण म्हणतो, आणि अमेरिकेतील बातम्या वाचताना सरकारने गरिबांसाठी अधिक खर्च करावा असे म्हणणाऱ्यांनाही उदारमतवादीच म्हणतो. या सगळ्यांची हिंसेकडे पाहण्याची काही समान दृष्टी आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

माटुंगेकर

आपली शंका रास्त आहे. ‘उदार’ हा शब्द आपल्याकडे आधी दात्याला आणि मोठ्या मनाच्या माणसाला लागतो, त्यामुळे उदारमतवादी म्हटले की सौम्य, क्षमाशील माणूस डोळ्यांसमोर येतो. त्यात भर म्हणजे काँग्रेसमधील गोखल्यांच्या पक्षाला आपण नेमस्त आणि मवाळ अशीही नावे दिली. ही नावे स्वभावाची व मार्गाची आहेत, विचाराची नाहीत. सुरतेला १९०७ साली नेमस्त आणि जहाल यांच्यात फूट पडली ती मुख्यतः कोणत्या मार्गाने जायचे यावर. पण पुढे तोच मार्ग या विचाराची ओळख होऊन बसला. आपल्या गटातील बाईंची व्याख्या इथून आलेली दिसते.

ज्या ब्रिटनमधून हा विचार आपल्याकडे आला, तिथे मात्र या बाबतीत कधीच एकमत नव्हते. तिथल्या संसदेतील कॉब्डेन आणि ब्राइट यांनी रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धाला विरोध केला तो खुल्या व्यापारावरील श्रद्धेतून. परस्परांशी व्यापार करणाऱ्या राष्ट्रांना लढण्याचे कारण उरणार नाही, अशी त्यांची धारणा होती. (म्हणजे आपण ज्याला उदारीकरण म्हणतो तो अर्थ त्या काळी शांततावादाच्या हातात हात घालून चालत होता; आज ही सांगड फार कमी जणांच्या लक्षात असते.) पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या उदारमतवादी सरकारने १८८२ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, तेव्हा ब्राइट यांनी मंत्रिपद सोडले. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन युद्धात उतरले तेही पंतप्रधान अॅस्क्विथ यांच्या उदारमतवादी सरकारच्या निर्णयाने, आणि त्या वेळी मोर्ले व बर्न्स हे मंत्री युद्धाला विरोध म्हणून मंत्रिमंडळाबाहेर पडले. सक्तीची लष्करभरती आली तेव्हा, १९१६ च्या आरंभी, गृहमंत्री जॉन सायमन यांनी राजीनामा दिला. हेच सायमन पुढे ज्या आयोगाचे अध्यक्ष म्हणून हिंदुस्थानात आले, त्यावर एकही भारतीय सभासद नसल्यामुळे सप्रूंसारख्या भारतीय उदारमतवाद्यांनी बहिष्कार घातला.

१८८२ आणि १९१४, दोन्ही वेळी युद्धाचा निर्णय घेणारे आणि त्याच्या विरोधात पद सोडणारे एकाच पक्षाचे होते, हे लक्षात घेतले तर केवळ नावावरून युद्धाविषयीची भूमिका ठरत नाही, हे मान्य करावे लागेल. ऑस्ट्रेलियात तर लिबरल नावाचा पक्ष उजव्या बाजूचा आहे आणि १९६५ मध्ये व्हिएतनामला लढाऊ पलटण पाठवण्याचा निर्णय त्याच्याच सरकारने घेतला.

परळकर

माटुंगेकरांचे लेखन माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात वसाहतीतील माणूस कुठेच नाही, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. जॉन स्टुअर्ट मिल यांनी व्यक्तिस्वातंत्र्यावरचा आपला विख्यात निबंध १८५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच निबंधात त्यांनी ‘रानटी’ समाजांवर, त्यांच्या सुधारणेचा हेतू असेल तर, एकतंत्री राज्य करणे योग्य ठरवले आहे. हे लिहिणारा माणूस त्याआधी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता.

आमच्या घरातील तीन पिढ्या गिरण्यांत खपल्या, त्यामुळे १९०८ चा जुलै महिना आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकापलीकडचा आहे. मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या अग्रलेखांवरून टिळकांवर मुंबईच्या उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला आणि २२ जुलैच्या रात्री त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या लेखांत टिळकांनी बॉम्बचा गौरव केला नव्हता. सरकारच्या दडपशाहीतून असे अत्याचार जन्माला येतात आणि आणखी दडपशाही हा त्यावरचा टिकाऊ उपाय नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. शिक्षेनंतर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, लष्कर रस्त्यावर आले आणि गोळीबारात कामगार मेले. त्या वेळी लंडनमध्ये भारतमंत्री, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री, होते ते हेच मोर्ले, ज्यांनी सहा वर्षांनी युद्धाच्या विरोधात मंत्रिपद सोडले आणि ज्यांच्यावर आपल्या नेमस्तांची मोठी भिस्त होती.

बॉम्ब टाकणाऱ्याच्या कृत्याला हिंसा म्हणायचे आणि पलटणीच्या बंदुकीला कायदा म्हणायचे, ही सवय उदारमतवादाला राज्यकर्त्यांच्या सहवासात लागली. ती सुटली आहे असे मला आजही वाटत नाही.

गिरगावकर

परळकरांचा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मात्र त्याच नेमस्त परंपरेतील एका मुंबईकराचे उदाहरण त्यांनी विचारात घ्यावे, अशी विनंती आहे.

मुंबईचे नामांकित वकील सर चिमणलाल सेटलवाड हे पक्के नेमस्त होते आणि असहकाराचे विरोधक होते. जालियनवाला बागेच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीवर जे तीन भारतीय सभासद होते, त्यांपैकी ते एक. जनरल डायर नोव्हेंबर १९१९ मध्ये लाहोरला समितीपुढे आला, तेव्हा सेटलवाडांनी त्याला विचारले की, चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या तर त्याने मशीनगन चालवल्या असत्या का. बहुधा चालवल्या असत्या, अशी कबुली त्याने दिली. १,६५० फैरी झाडल्या गेल्या हा आकडा आणि पंजाबभर दहशत बसवण्याचा त्यामागचा हेतू या गोष्टी साक्षीतून नोंदल्या गेल्या. बहुमताच्या अहवालात मार्शल लॉ (लष्करी कायदा) जारी करणे समर्थनीय ठरवले गेले, तेव्हा तिन्ही भारतीय सभासदांनी सही करण्याचे नाकारून वेगळा अहवाल दिला आणि पंजाबात तो लावण्याजोगे बंड झालेच नव्हते, असे त्यात नमूद केले.

मला उदारमतवादाचा हिंसेशी असलेला संबंध इथे सापडतो. कुणी कधी शस्त्र उचलावे याविषयी त्याच्याकडे एकच उत्तर नाही. पण ज्याने शस्त्र चालवले त्याला, विशेषतः तो सरकारी गणवेशात असेल तर, उलटतपासणीला उभे राहावेच लागेल, हा त्याचा आग्रह आहे. चिंतामणराव देशमुख १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडले. ते मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या प्रश्नावर, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रश्नावरील आंदोलनात मुंबईत झालेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हेही त्यांच्या तक्रारीत होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत रक्तरंजित क्रांतीचा मार्ग सोडण्याचे आवाहन केले आणि त्याच भाषणात सत्याग्रह व कायदेभंग यांनाही आता स्थान नाही असे सांगितले, त्याचे कारणही घटनात्मक मार्गाने जाब विचारण्याची सोय आता झाली आहे, हेच होते. ती सोय जिथे नावापुरती उरते, तिथे परळकरांचा आक्षेप पुन्हा उभा राहतो, हे मी मान्य करतो.

दादरचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गिरगावकरांचे उत्तर मला देशाच्या आतल्या हिंसेपुरते पुरेसे वाटते. राष्ट्राराष्ट्रांत उलटतपासणी घेणार कोण, हा प्रश्न उरतोच.

माटुंगेकर

तो उरतो, आणि उदारमतवाद्यांना तो आजही सुटलेला नाही. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने १९९९ मध्ये कोसोवोतील लोकांच्या बचावासाठी नाटो या लष्करी आघाडीने युगोस्लाव्हियावर केलेल्या बॉम्बफेकीला पाठिंबा दिला आणि २००३ मध्ये इराकवरील स्वारीला विरोध केला. दोन्ही वेळा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची स्पष्ट संमती नव्हती. मग पक्षाने भेद कशाच्या आधारे केला, हे आपल्या वकील सभासदांना येत्या रविवारी अवश्य विचारावे आणि त्यांचे उत्तर इथे कळवावे.