मदत हवी आहे: लागेल तेवढंच पाणी गरम करणारा डिस्पेन्सर, पंप थांबल्यावर नळ वाफ थुंकतो आणि वीज हिशोबाच्या दुप्पट

नमस्कार मंडळी, दोन महिने एकटीच डोकं लावतेय, आता खरंच अडलेय म्हणून विचारते. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

बाबांच्या उजव्या हाताला कंप आहे, किटली उचलणं जमत नाही, आणि त्यांना दिवसातून सात-आठ वेळा कपभर गरम पाणी लागतं. आधी घरात टाकीवाला डिस्पेन्सर होता, म्हणजे आतली टाकी चोवीस तास गरम. एकदा रात्री उठले तर त्याचा लाल दिवा लागलेला, कोणी पाणी घेतलेलं नाही तरी तापवणं चालूच. मग प्लगला लावायचं मीटर जोडून रात्रभर ठेवलं, १० तासात ०.४ युनिट, एक थेंबही न घेता. १ लिटर पाणी २५ वरून ९५ अंशावर न्यायला साधारण ०.०८ युनिट लागतं, म्हणजे तेवढ्या विजेत ५ लिटर पाणी तापलं असतं! ते काही डोक्यातून जाईना, म्हणून ठरवलं की टाकी गरम ठेवायचीच नाही, बटण दाबलं की १५० मिली तापून यावं आणि बंद.

सेटअप असा: साध्या पाण्याचा डबा, १२ व्होल्टचा छोटा डायफ्राम पंप, २ किलोवॅटचा अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक हीटर ज्याच्या आत स्टीलची नळी आहे, एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारी चिप), आणि ब्लॉकवर बाहेरून चिकटवलेला एनटीसी, म्हणजे तापमानाचा सेन्सर. २००० वॅटमध्ये ७० अंश वाढवायचे तर सेकंदाला जेमतेम ६.८ मिली पाणी जाऊ शकतं, पंप तेवढाच हळू केलाय, त्यामुळे कप भरायला २२-२५ सेकंद. ते चालतंय, बाबांना घाई नसते.

आधी हीटर आणि पंप एकदमच चालू करत होते तेव्हा अर्धा कप कोमटच यायचा. मग ब्लॉक आधी २० सेकंद तापवून मग पंप, असं केलं. आता पाणी छान गरम येतं पण पंप थांबल्यावर दहा-बारा सेकंदांनी नळ फुर्रर्र करून वाफ आणि उकळते थेंब उडवतो, आणि बाबांचा हात कप घ्यायला नेमका तेव्हाच पुढे येतो. परवा त्यांच्या अंगठ्यावर थेंब उडाला, तेव्हापासून मी त्यांना वापरूच देत नाहीये.

दुसरं म्हणजे वीज. हिशोबाने १५० मिलीला १२ वॅट-अवर (हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट) लागायला हवेत, मीटर दाखवतो २५. गंमत म्हणजे लगेच दुसरा कप घेतला तर १४. पीआयडीचे, म्हणजे तापमान बघून हीटर कमी-जास्त करणाऱ्या प्रोग्रॅमचे, आकडे बदलून बदलून थकले, फरक शून्य. पाण्याचा प्रवाह मोजायला फ्लो सेन्सर वायएफ-एस२०१ लावलाय त्याचं रीडिंगही कधी येतं कधी नाही.

तर प्रश्न असा की हे प्रोग्रॅममध्ये सुटणारं आहे की हीटरच चुकीचा घेतला? की अर्ध्या लिटरची थर्मासची टाकी ६० अंशाला ठेवून पुढचे ३५ अंश झटपट वाढवावेत?

प्रतिसाद
ताई, ब्लॉकचं वजन किती आहे ते सांगा आधी. पीआयडीला हात लावू नका.

धागाकर्ती
आत्ताच काट्यावर ठेवला, ६५० ग्रॅम.

प्रतिसाद
मग उत्तर तिथेच आहे. अ‍ॅल्युमिनियमला १ ग्रॅममागे १ अंशाला ०.९ ज्यूल लागतात. ६५० ग्रॅम गुणिले ०.९ गुणिले ७० अंश, साधारण ४१ किलोज्यूल. आणि तुमच्या १५० मिली पाण्याला लागतात ४४ किलोज्यूल. म्हणजे प्रत्येक पहिल्या कपाला तुम्ही जवळजवळ आणखी एक कप पाण्याइतकं अ‍ॅल्युमिनियम तापवताय, ते नंतर हवेत गार होत बसतं. ८५ किलोज्यूल म्हणजे २३-२४ वॅट-अवर, वरचा थोडा लॉस धरला की तुमचे २५ झाले. लगेचचा कप १४ मध्ये होतो कारण ब्लॉक तापलेला असतो. आणि थुंकतोय तोही तोच ब्लॉक, पंप थांबला तरी त्याच्या पोटातली उष्णता नळीत अडकलेल्या पाण्यात जात राहते, ते उकळणारच, बाहेर कुठे जाणार.

तात्पुरता उपाय: शेवटच्या ४० मिलीला हीटर बंद करा, पंप चालू ठेवा. ब्लॉक त्या पाण्याला आपली उष्णता देऊन स्वतः उतरतो. साधारण १० किलोज्यूल परत मिळतील. बाकीची मिळणार नाही, कारण तेवढी काढायला गेलात तर कपातलं पाणी कोमट होईल. कायमचा उपाय म्हणजे पातळ स्टीलच्या नळीवर छापलेला थिक फिल्म हीटर, त्याला स्वतःचं वजन नसल्यासारखंच. आत ३० मिली पाणी असेल तर २ किलोवॅटला सेकंदाला जवळपास १६ अंश वाढ, म्हणजे वीस सेकंदांचं थांबणं चार-पाच सेकंदांवर येईल.

थर्मासच्या टाकीच्या नादाला लागू नका, पुन्हा रात्रभर तापवणं आलंच की.

दुसरा प्रतिसाद
वरचं सगळं बरोबर, पण घरात वयस्कर माणूस आहे म्हणून कळकळीने सांगतो, एसएसआर बिघडला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे हीटर कायमचा चालू आणि मायक्रोकंट्रोलर काहीच करू शकत नाही. हीटरच्या फेज वायरमध्येच सिरीजला बायमेटल कटआउट (जास्त तापला की आपोआप वीज तोडणारा स्विच) आणि एक थर्मल फ्यूज (जास्त तापला की कायमचा उडणारा) टाका, त्यांना प्रोग्रॅमशी देणंघेणं नको. अर्थिंग पक्कं, ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. आणि व्हॉल्व्ह लावायचा असेल तर हीटरच्या आधी, गार बाजूला. हीटर आणि नळ यांच्यामध्ये कधीही काही बंद होणारं नको, वाफेला वाट पाहिजे.

वायएफ-एस२०१ मिनिटाला १ लिटरच्या पुढे काम करतो, तुमचा प्रवाह ०.४ लिटर आहे, त्याचा काही दोष नाही. कमी प्रवाहाचा सेन्सर घ्या. पाणी जड असेल तर नळीत क्षार बसतातच, मधूनमधून सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी फिरवून भरपूर साध्या पाण्याने धुवा. सेटिंग ९५ कशाला, ८८-९० ठेवा, उकळीपासून लांब राहाल.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. कटआउट आणि फ्यूज लावून झाला, कटआउट मुद्दाम पंप न चालवता तापवून बघितला, खट् आवाज करून त्याने वीज तोडली. शेवटचे ४० मिली हीटर बंद आणि सेटिंग ९०, काल संध्याकाळपासून पंधरा वेळा घेतलं, थुंकणं बंद! नुसती नळाच्या तोंडाशी बारीकशी वाफ दिसते. पहिला कप २५ वरून २१ वॅट-अवरवर आला. थिक फिल्म हीटर मागवलाय. तो आला की एनटीसी नळीवर बाहेरून चिकटवू की पाण्यात?

प्रतिसाद
पाण्यात, हीटरमधून बाहेर पडल्या पडल्या, स्टीलच्या टोपणातला एनटीसी टी-जॉइंटमधून आत घाला. बाहेरून चिकटवलेला तुम्हाला थोडं आधीचं तापमान सांगतो. दुसरा एक डब्यात टाका, आत येणारं पाणी किती गार आहे ते कळलं की किती वॅट लागतील ते आधीच काढता येतं, पीआयडीला फक्त उरलेलं थोडंसं सांभाळायचं राहतं. हीटर उभा बसवा, पाणी खालून आत आणि वरून बाहेर, तापताना सुटणारे बुडबुडे आत अडकायला नकोत.