मदत हवी आहे: नॅसचा फॅन लई आवाज करायलाय, ८० एमएमचा सांगलीत कुठं मिळेल?

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री १०:४२)
घरी दोन डिस्कचा नॅस (घरातल्या सगळ्यांच्या फायली साठवायचा नेटवर्कवरचा डबा) आहे. त्याच्या फॅननं डोकं उठवलंय. रात्री झोप लागू देत नाही. ८० एमएमचा, गप बसणारा एखादा चांगला फॅन सांगा आणि सांगलीत कुठल्या बाजूला मिळेल तेही सांगा. उद्या रविवारी बसवून मोकळं व्हायचंय, सोमवारपासून मान वर करायला सवड नाही. क्लाउड घ्या, नवीन बॉक्स घ्या असलं कुणी सांगू नका. फक्त फॅन.

जुना_तंत्रज्ञ
कंपनी कुठली? मॉडेल कुठलं? किती वर्षं चालू आहे? आवाज घरघर आहे, शिट्टी आहे की टकटक? हे कळल्याशिवाय सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

अण्णा_तासगाव
फॅन आवाज करत असला तर पहिला कपॅसिटर बघा. २.५ मायक्रोफॅरडचा येतो, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. आमच्या सोप्यातला फॅन असाच कुरकुरत होता. पात्यांची टोकं छतापासून सारख्या अंतरावर आहेत का तेही बघून घ्या, एखादं पातं वाकलं की झोल मारतोय.

कृष्णाकाठ
अण्णा, छताचा नव्हे ओ. कॉम्प्युटरसारखा छोटा डबा असतोय, त्यात डिस्का असतात, मागल्या अंगाला हा फॅन.

@जुना_तंत्रज्ञ, कंपनीचं नाव मुद्दामच घालत नाही. घातलं की ती कंपनी चांगली का वाईट यावरच शंभर प्रतिसाद पडणार आणि माझा फॅन राहणार बाजूला. वॉरंटी कधीच संपली. आवाज म्हणजे गर्रर्र, दुसरं काय सांगू?

अण्णा_तासगाव
असं होय. मग त्याला कपॅसिटर नसणार.

तेलपाणी
नवीन फॅन कशाला घेताय? फॅन काढा, मधलं स्टिकर अलगद उचला, खाली रबराची टोपी असेल तर तीही काढा आणि शिलाई मशीनचं तेल एकच थेंब सोडा. हातानं फिरवा, तेल मुरू द्या, स्टिकर परत चिकटवा. दहा मिनिटांचं काम, खर्च चहाएवढा. माझ्याकडं असे तेल दिलेले फॅन वर्षानुवर्षं फिरतायत.

शुभदा_कुपवाड
तेलपाणी, हे सगळ्या फॅनना लागू होत नाही. स्वस्त फॅनमध्ये स्लीव्ह बेअरिंग असतं, म्हणजे दांडा नुसत्या नळीत फिरतो. तेल सुकलं की घरघर सुरू होते, तिथं थेंबानं तात्पुरता फरक पडतो. पण तोवर नळी झिजलेली असते, ती तेलानं भरून येत नाही. बॉल बेअरिंगमधल्या गोळ्याच खराब झाल्या असतील तर तेल ओतून काय होणार? आम्ही पॅनेल बनवतो, कंट्रोल पॅनेलचे फॅन रोज हातात असतात. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राला तेल देऊन वेळ मारून नेता येते, एवढंच.

तेलपाणी
वेळ मारून नेणं म्हणजे दोन वर्षं निघाली तर तुमची हरकत आहे काय?

शुभदा_कुपवाड
निघाली तर नाही. रात्री दोनला फॅन अडकला आणि आत डिस्का भाजल्या तर आहे.

मिरजेचा_कानसेन
आवाज फॅनचाच आहे हे कशावरून ठरवलं? डिस्कसुद्धा गुणगुणते. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला ९० फेऱ्या घेते, ७२०० ची १२०. म्हणजे ९० किंवा १२० हर्ट्झचा खर्ज कायम चालू असतो. त्यात दोन डिस्कांचा वेग अगदी सारखा नसला तर जुळत आलेल्या तंबोऱ्याच्या जोडतारांसारखी वाँव-वाँव लाट येते. ती लाकडी फळीत उतरली की सगळं कपाट वाजतं. लोक फॅन बदलून दमतात आणि आवाज तिथंच राहतो.

सोपी परीक्षा आहे. सेटिंगमध्ये फॅनचा मोड असतो, हळू आणि फुल. मोड बदलल्यावर स्वर चढला-उतरला तर फॅन. स्वर हलला नाही तर डिस्क.

कृष्णाकाठ (रात्री ११:३०)
फुलवर टाकला तर नुसता किंचाळायला लागला. घरातली उठली, बोलणी खाल्ली. फॅनच आहे. आता तरी सांगा कुठला घेऊ?

लिनक्सप्रेमी
राग मानू नका, पण अशा बंद डब्यात पैसे घालणंच चुकीचं आहे. जुना पीसी घ्या, त्यात ट्रूनॅस (पीसीचा नॅस करणारं सॉफ्टवेअर) टाका. १२० एमएमचे मोठे फॅन सावकाश फिरतात, आवाज येतच नाही. कुठलाही पार्ट गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

जुना_तंत्रज्ञ
आणि लाइट बिल? दोन डिस्कचा छोटा बॉक्स पंधरा-वीस वॅटमध्ये भागवतो. जुना पीसी नुसता बसून पन्नास-साठ खातो. चाळीस वॅटचा फरक धरला तरी चोवीस तासांना जवळपास एक युनिट, वर्षाला साडेतीनशे युनिट. ते कोण भरणार?

लिनक्सप्रेमी
पन्नास-साठ जुन्या प्रोसेसरला. आता छोटे मदरबोर्ड मिळतात ते

कृष्णाकाठ
वर लिहिलंय की राव, नवीन बॉक्स नको. फॅन!

शुभदा_कुपवाड (रविवार, सकाळी ७:१५)
कृष्णाकाठ, चार गोष्टी सांगा, मग फॅन सांगते.
८० एमएम कशावरून?
फॅनच्या स्टिकरवर व्होल्ट किती लिहिलेत? १२ की ५?
वायरी किती आणि कुठल्या रंगाच्या?
बॉक्स ठेवलाय कुठं?

कृष्णाकाठ
टेप लावून मोजला. स्क्रूपासून स्क्रूपर्यंत ८२-८३ भरतंय, म्हणजे ८० चाच ना. बाकीचं दुपारी उघडून सांगतो.

शुभदा_कुपवाड
थांबा, ८० चा मागवू नका! फॅनचं माप चौकटीच्या बाहेरच्या कडेचं असतं, भोकांचं नसतं. ८० च्या फॅनची भोकं ७१.५ एमएमवर येतात. ८२.५ वर येतात ती ९२ च्या फॅनची. १२० ची १०५ वर. तुमचा ९२ चा आहे. जाडीही मोजा, २५ एमएम असेल बहुधा.

तेलपाणी
९२ चा सांगलीत मिळायचा नाही. दुकानात ८० आणि १२० पडलेले असतात. रविवारी तर नाहीच नाही.

जुना_तंत्रज्ञ
पुण्याला कुणी येणार असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारायला सांगा. तिथं नाही मिळाला तर ऑनलाइन. नॉक्टुआ कंपनीचा एनएफ-ए९ म्हणून येतो, तपकिरी रंगाचा. महाग आहे, पण कंपनी सहा वर्षांची वॉरंटी देते.

कृष्णाकाठ (रविवार, दुपारी २:५०)
उघडला. बाहेरून ९२ बरोबर, जाडी २५. स्टिकरवर १२ व्होल्ट. वायरी तीन: काळी, लाल, पिवळी. बॉक्स टीव्हीखालच्या कपाटात असतोय. आत सगळं पिवळं झालंय, ते मात्र ब्लोअर मारूनही निघंना.

शुभदा_कुपवाड
पिवळं म्हणजे? गंज?

कृष्णाकाठ
गंज कसला, हळद. खाली आमचा अडतीचा गाळा आहे, वर घर. हंगामात हळदीची पोती उतरली की धुरळा वर येतोच, घरात सगळीकडंच असतोय. त्यात काय सांगायचं?

मिरजेचा_कानसेन
मार्केट यार्डात राहता आणि हे आत्ता सांगता होय! 😀

शुभदा_कुपवाड
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. हळदीत तेल असतं, तिची पूड पात्याला आणि जाळीला धरून बसते, नुसत्या हवेनं सुटत नाही. पात्यांवर ती कमी-जास्त बसली की फॅनचा तोल जातो आणि बेअरिंगवर ताण येतो. जाळी बुजली की आत गरम होतं, म्हणून बॉक्स फॅनला आणखी पळवतो. वर दार लावलेलं कपाट. एप्रिल-मे मध्ये सांगली चाळिशीला टेकते, त्या कपाटात काय होत असेल बघा. डिस्कचं तापमान किती दाखवतोय?

कृष्णाकाठ
काल ५२ होतं.

शुभदा_कुपवाड
डिस्क लगेच मरणार नाही, कंपन्या कमाल मर्यादा ६० किंवा त्याच्याही वर देतात. पण ४५ च्या आत आणा. डिस्का काढायच्या आधी कुठली कुठल्या खणात होती ते पेन्सिलीनं लिहा. जाळी आणि पाती कोरड्या मऊ ब्रशनं साफ करा. ओलं फडकं आत घालू नका. ब्लोअर मारताना पातं बोटानं धरा, मोकाट फिरू देऊ नका. आणि बॉक्स कपाटाच्या बाहेर काढा.

फॅन: तीन वायरी आहेत, म्हणजे बॉक्स व्होल्टेज कमी-जास्त करून वेग सांभाळतो. एनएफ-ए९ मधला एफएलएक्स घ्या, तो तीन पिनांचा, १६०० आरपीएमचा (मिनिटाला १६०० फेऱ्या) आहे. पीडब्ल्यूएम लिहिलेला चार पिनांचा (वेग सांगायला वेगळी वायर असलेला) येतो, तो तुम्हाला लागत नाही. ज्यांच्या बॉक्सला चार वायरी आहेत त्यांनी मात्र चारचाच घ्यावा, नाहीतर फॅन कायम फुल फिरतो.

गावभागकर
फॅनचं होईल ओ, पण कपाटातनं काढून खाली जमिनीवर ठेवू नका. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरातला कॉम्प्युटर, बॅटऱ्या, सगळं गेलं. दोन डिस्कांवर एकच डेटा ठेवला म्हणजे बॅकअप झाला असं लोकांना वाटतं. पाणी दोन्ही डिस्कांना सारखंच बुडवतंय. एक कॉपी गावाबाहेर, पाहुण्यांकडं ठेवा.

कृष्णाकाठ
वरच्या मजल्यावर राहतो. पण अडतीच्या पट्ट्या (मालाच्या हिशोबाच्या पावत्या) आणि हिशोब सगळा त्यातच आहे, ते खरं. बघतो. नव्या फॅनची ऑर्डर टाकली, तोवर काय करू? आज रात्रीचं सांगा.

तेलपाणी
एक थेंब.

शुभदा_कुपवाड
आज रात्रीपुरतं चालेल. शिलाई मशीनचंच, खोबरेल नको. गंजलेल्या नटबोल्टवर मारतात तो स्प्रेही नको, तो उडून जातो आणि आतलं उरलेलं वंगणही घेऊन जातो.

तेलपाणी
शेवटी तेलावरच आली गाडी.

कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री ९:०५)
तेलानं बरं होतं, परवापासून परत गुरगुरायला लागला. आज नवीन फॅन आला. बसवायला घेतला तर प्लग बसंना. बॉक्सचा खोबणा बारीक आहे. जुन्याचा प्लग कापून नव्याला जोडू काय? पण रंग जुळत नाहीत. नव्याला काळी, पिवळी, हिरवी आहे. पिवळीला पिवळी जोडली की झालं ना?

शुभदा_कुपवाड
नाही! तिथंच घोटाळा होतो. तुमच्या जुन्यात लाल वायर १२ व्होल्टची आणि पिवळी फेऱ्या मोजायची. नॉक्टुआत पिवळी १२ व्होल्टची आणि हिरवी फेऱ्यांची. म्हणून काळीला काळी, लालला पिवळी, पिवळीला हिरवी. एकदा मीटर लावून खात्री करा. बॉक्स सेटिंगमधून बंद करून, अडॅप्टर काढूनच हात घाला. प्लगला चार बोटं वायर ठेवून कापा, डाग द्या (सोल्डर करा), प्रत्येक जोडावर वेगळी इन्सुलेशनची स्लीव्ह चढवा. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी लावू नका.

जुना_तंत्रज्ञ
दिशाही बघा. स्टिकरच्या बाजूनं हवा बाहेर पडते. जुन्याचं स्टिकर ज्या बाजूला होतं त्याच बाजूला नव्याचं. चौकटीवर बाण असेल तर तो बघा.

कृष्णाकाठ (रात्री ११:२०)
यार्डातल्या काटा दुरुस्तीवाल्याकडनं डाग देऊन घेतले. फॅन फिरतोय, आवाज नाही, पण बॉक्स पीं पीं करतोय आणि फॅन बिघडलाय म्हणतोय. डोळ्यांदेखत फिरतोय की तो!

शुभदा_कुपवाड
फॅनसोबत दोन छोट्या काळ्या वायरी आल्या होत्या, त्यातली एखादी मध्ये जोडलीत काय?

कृष्णाकाठ
हो. लो नॉइज लिहिलंय. आवाज कमीच हवा होता ना.

शुभदा_कुपवाड
काढा ती. तिनं वेग आधीच उतरतो, वर बॉक्स स्वतःही व्होल्टेज कमी करतो. फेऱ्या त्याच्या हिशोबाच्या खाली गेल्या की त्याला वाटतं फॅन बंद पडला. मधली वायर काढून मोड हळूवर ठेवा.

कृष्णाकाठ (शुक्रवार, सकाळी ८:१०)
बंद झालं पीं पीं. बॉक्स टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवला, खाली रबराचे तुकडे दिले. डिस्क ४१ वर आहे. शुभदाताई, जुना_तंत्रज्ञ, आभार. तेलपाणी, तुमचेही. यार्डाकडं आलात तर चहाला या.

लिनक्सप्रेमी
पुढचा फॅन जाईल तेव्हा ट्रूनॅसचा विचार करा.

अण्णा_तासगाव
जुना फॅन टाकू नका. नातवानं अंडी उबवायची पेटी केलीय, आत हवा फिरवायला १२ व्होल्टचा असलाच छोटा फॅन पाहिजे. माझा भाचा मंगळवारी सौद्याला यार्डात असतोय, त्याच्याकडं देता काय? आवाज अंड्यांना चालतोय. फक्त तो घरी जोडायचा कसा?

शुभदा_कुपवाड
अण्णा, जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर तो चालेल. लाल प्लसला, काळी मायनसला. पिवळी मोकळी सोडा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा. आणि आधी ब्रशनं हळद काढून घ्या.