इरावती कर्वे आणि बर्लिनच्या कवट्या, थिसिसमध्ये कसं मांडू?

रानवाटा: मी जर्मनीत मास्टर्स करतेय, विषय वंशवाद आणि मानववंशशास्त्र. इरावतीबाईंनी १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला ऑयगन फिशरकडे (गोरे युरोपीय वंशाने श्रेष्ठ असं मानणारा जर्मन मानववंशशास्त्रज्ञ) पीएचडी केली, १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला की कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी काही संबंध नाही, म्हणजे थेट गाइडच्या मताच्या विरोधात! मला हे वाचून भरून आलं. पण नुसतं कौतुक लिहिलं तर पुरेल का?

पुणेरी_वाचक: नाही पुरणार. त्या कवट्या आल्या कुठून ते आधी लिहा. काही जर्मनांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्या होत्या. आजच्या नामिबियात १९०४ ते १९०८ मध्ये हेरेरो आणि नामा लोकांचा संहार झाला, तिथून माणसांचे अवशेष बर्लिनला नेले, आणि २०११ मध्ये त्यातल्या २० कवट्या परत गेल्या. ती माणसं होती हो, सँपल नव्हेत.

मीनल_ताई: अगं, अजून एक, बाईंनी भारतात परत आल्यावर जातीजमातींची मोजमापं घेतलीच की. ब्रिटिश राजवटीतला अधिकारी रिस्ले याने नाकं मोजून जात आणि वंश जोडला होता, त्याच पट्ट्या इथेही वापरल्या गेल्या. मला बाईंबद्दल खूप आदर आहे म्हणूनच सांगते, हे गाळू नकोस.

रानवाटा: ताई, हे डोक्यातच नव्हतं आलं. कवट्यांपासूनच सुरुवात करते मग.