काखेतील गाठ आणि दुग्धरेषा
आर्वी तालुक्यातील एका ताईंनी बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी सुनेच्या दोन्ही काखांत आलेल्या दुखऱ्या गाठींबद्दल विचारले असून, त्यावर एकांनी बिबा लावण्यास सुचवले आहे. तो कृपया लावू नये; बिब्याच्या तेलाने तेथील नाजूक कातडीवर फोड उठतात, म्हणजे एक दुखणे असताना दुसरे.

आपण आईच्या पोटात असताना, साधारण सहाव्या आठवड्यात, गर्भाच्या काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंनी दुग्धरेषा, म्हणजे ज्यातून पुढे स्तन घडतात ती पट्टी, तयार होते. पुढे छातीवरचा भाग सोडून ती विरते, पण कुठे अवशेष राहिलाच तर तेथे स्तनाची ऊती (पेशींचा समूह) आढळते, बहुधा काखेत, क्वचित पोटावर किंवा योनिमुखाशेजारी. स्तनाग्र नसेल तर दूध उतरेपर्यंत ती लक्षातही येत नाही, आणि मग दुधाला वाट नसल्याने फुगून ठणकते. थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, गाठ पिळू नये, बाळाला अंगावर पाजणे सुरूच ठेवावे. बहुतेकदा काही दिवसांत सूज ओसरते. ताप किंवा लाली आल्यास लगेच ग्रामीण रुग्णालय गाठावे.

या ऊतीला कर्करोगासह स्तनाचे सर्व आजार होऊ शकतात. म्हणून दूध आटल्यावरही कडक गाठ राहिली, तर कापसाचा वेचा संपण्याची वाट न पाहता सोनोग्राफी करून घ्यावी.