जुन्या लॅपटॉपचा होम सर्व्हर करतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घरात पडून असलेल्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्स) टाकलं, डॉकरमध्ये (अ‍ॅप वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) इमिच हे स्वतःच्या सर्व्हरवर फोटो साठवायचं अ‍ॅप चालू केलं आणि आईच्या फोनमधले सगळे फोटो त्यात आले, माझ्या बारशाच्या फोटोचा फोटोसुद्धा, फार भारी वाटलं! झाकण बंद केलं की झोपायचा, ते सेटिंग बदलून झालं. आता अडलंय ते घराबाहेरून फोटो बघण्यात. राउटरवर आयपी १००.६४ ने सुरू होणारा दिसतो, म्हणजे सीजीनॅट (कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते ते), मग पोर्ट फॉरवर्डिंगचा (राउटरमधून बाहेरच्याला आत वाट देण्याचा) उपयोग नाही ना? टेलस्केल (आपलीच उपकरणं कुठूनही जोडणारं खाजगी व्हीपीएन) टाकू का, आईला जमेल का ते? आणि चोवीस तास चार्जरवर ठेवला तर बॅटरी फुगेल का, की काढून छोटा यूपीएस घेऊ? आमच्याकडे लाइट रोज जाते हो. बॅकअपला वेगळी डिस्क घेणारच आहे, फोटो गमवायचे नाहीत.