वंश आणि तुरुंग: म्युझिक व्हिडिओ सुचवा

चकवाचांदणं:
आमच्या फिल्म गटात मला अर्धा तास बोलायचंय. विषय मीच ओढवून घेतलाय: अमेरिकी म्युझिक व्हिडिओंत कृष्णवर्णीयांचं जगणं आणि तुरुंग प्रतीकांतून कसे येतात. 'धिस इज अमेरिका' (२०१८) चारदा पाहिला, पण डोळे नाचावरून हलतच नाहीत. गज-बेड्यांपलीकडचं काही असेल तर सुचवा. नेमकं काय बघू तेही सांगा.

निशाचर:
डोळे हलत नाहीत हीच तर दिग्दर्शक हिरो मुराईची चलाखी! पाचव्यांदा बघताना गाणाऱ्या-नाचणाऱ्या डोनाल्ड ग्लोव्हरला हाताने झाका. मागे पळापळ, पांढरा घोडा, वर बसून मोबाइलवर शूटिंग करणारी पोरं. मग पहिल्या गोळीवर थांबवा. कंबर मोडून, गुडघा वाकवून तो उभा राहतो ना, ती 'जिम क्रो'ची पोझ. १८३०च्या दशकात एक गोरा नट तोंड काळं करून हे सोंग काढायचा. पुढे वंशभेदाच्या कायद्यांना हेच नाव चिकटलं. आणि गोळी झाडल्यावर बंदूक लाल कापडात अलगद जाते, प्रेत मात्र फरफटत नेतात.

तिरकिट:
मायकल जॅक्सनचं 'दे डोन्ट केअर अबाउट अस' (१९९६) चुकवू नका. दिग्दर्शक स्पाइक लीने त्याचे दोन व्हिडिओ केले. एक तुरुंगातला: बेड्या, टेबलं बडवणारे कैदी, सगळं थेट. मला दुसरा जास्त भिडतो, जरी तो ब्राझीलमधला असला तरी. साल्व्हादोर शहराच्या पेलोरिन्यो भागात ओलोदुम या तिथल्या ढोलपथकाचे ढोल दणाणतात, नुसता जल्लोष. पण पेलोरिन्यो म्हणजे ज्याला बांधून गुलामांना भर चौकात फटके मारायचे तो खांब! जागेचं नावच बोलतं.

चकवाचांदणं:
बाप रे. हे माहीत नसताना मी त्यावर नाचलोय.

निशाचर:
सगळेच नाचलोय. रॅपर केंड्रिक लामारचं 'ऑलराइट' (२०१५) पण घ्या. कृष्णधवल आहे. चार गोरे पोलीस खांद्यावरून गाडी वाहून नेतात, आत केंड्रिक आणि मित्र मजेत. पालखी म्हणायची की तिरडी, गटाला विचारा. शेवटी तो दिव्याच्या खांबावर उभा असतो, पोलीस नुसतं बोट रोखतो आणि तो कोसळतो. बंदूक नाहीच.

तिरकिट:
त्याला जोडून केंड्रिकचंच २०१६चं ग्रॅमी संगीत पुरस्कार सोहळ्यातलं सादरीकरण दाखवा. व्हिडिओ नाही, पण साखळीने जोडलेल्या कैद्यांची रांग रंगमंचावर येते, वादक कोठड्यांत. १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरीची फट ठेवली. त्या फटीतून दक्षिणेतल्या राज्यांनी कैदी भाड्याने दिले, बहुतेक कृष्णवर्णीय. एवढं आधी सांगा, मग ती साखळी नुसती वेशभूषा वाटणार नाही. वेळ उरला तर एल्व्हिसचा 'जेलहाउस रॉक' (१९५७) अर्धा मिनिट. तिथे तुरुंग म्हणजे नाचायला बांधलेला सेट, बस.

धोपटमार्गी:
एक सूचना. नेटवर ग्लोव्हरच्या पँटीपासून चपलेपर्यंत सगळ्याचे अर्थ ठोकून दिलेत. त्याने स्वतः अर्थ सांगायचं टाळलंय, तेव्हा 'असं वाटतं' म्हणा. कोडं सोडवल्यासारखं बोललात की लोक बघणं सोडून उत्तरं जुळवत बसतात.

चकवाचांदणं:
मान्य. पेलोरिन्यो आधी आवाज बंद करून दाखवतो, मग नावाचा अर्थ सांगून ढोल लावतो.