फराळाच्या डब्यावर क्यूआर कोड: कामाचा की नुसती हौस?

परळची काकू: मी घरगुती फराळ विकते. गेल्या दिवाळीत भाच्याच्या हट्टापायी डब्यांवर क्यूआर कोडचे स्टिकर लावले. स्कॅन केलं की यादी आणि दर दिसणार, ऑर्डर व्हॉट्सॲपवर. लोकांनी काय केलं? पैसे भरायच्या ॲपनेच स्कॅन केलं! "काकू, तुमचा कोड चालत नाही हो", असे फोन. ऑर्डरी आल्या त्या डब्यावरचा नंबर बघूनच. छोट्या धंद्याला हा खर्च फुकटचा.

छापखानेवाला: काकू, यात कोडचा काय दोष? २०१६ ला यूपीआय आलं, आता मुंबईत भाजीच्या गाडीवरही हा चौकोन असतो. चौकोन दिसला की माणूस पैसेच काढणार. खाली ठळक लिहायचं, 'फराळाची यादी: मोबाइलच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा'. आणि स्टिकर केवढा होता?

परळची काकू: अंगठ्याच्या नखाएवढा. सोनेरीवर पिवळा. भाचा म्हणाला, दिसतो छान.

छापखानेवाला: बोंबला! ठिपके गडद हवेत, मागचा रंग फिका, चहूबाजूंना कोरी कड. हातातल्या डब्याला दोन-अडीच सेंटीमीटर तरी हवाच. दुकानाच्या पाटीचा हिशोब साधा: जेवढ्या लांबून स्कॅन करायचा, त्याच्या दहावा हिस्सा रुंदी.

गिरगावकर: मी काकूंच्या बाजूने. एका वेबसाइटवर चकटफू कोड बनवला, २,००० पिशव्या छापल्या. महिन्याभरात मुदत संपली, आता पैसे भरा म्हणे. पिशव्या माळ्यावर पडून आहेत. फोन नंबरला कसली आलीय मुदत?

छापखानेवाला: तो डायनॅमिक कोड. तो आधी त्यांच्या वेबसाइटवर जातो, तिथून तुमच्याकडे. स्टॅटिक कोडमध्ये पत्ता ठिपक्यांतच असतो, मुदतबिदत नाही. फक्त छापल्यावर बदलता येत नाही.

गिरगावकर: हे छापायच्या आधी कोणी सांगत नाही, तीच तर बोंब आहे. माझ्या गिऱ्हाइकांत निम्म्या आज्या आहेत, त्या फोनच करतात.

छापखानेवाला: मग नंबरही ठेवा ना! नंबर काढून कोड लावा असं कोण म्हणतंय?

परळची काकू: बरं, आणि तेलकट हात लागले तर?

छापखानेवाला: १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत हा कोड निघाला तोच मोटारीच्या सुट्या भागांसाठी. कारखान्यातला मळ लागणार हे धरूनच केलेला. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची (एरर करेक्शन) 'एच' ही सगळ्यात वरची पातळी निवडा, सुमारे ३० टक्के खराब झाला तरी वाचता येतो.

परळची काकू: मग आधी बेसनाच्या लाडवांच्या डब्यावर लावते. तूप त्यालाच जास्त सुटतं. आणि नंबर कोडापेक्षा मोठा छापायचा, सांगून ठेवते.